गाडी कुठे आहे ते विचारा

काकांनी मला कधीच नावाने हाक मारली नाही. मी फलाट तीन होते. खिडकीजवळ बसणारे अकाउंटंट फलाट एक, आणि कोपऱ्यात हेडफोन लावून दिवसभर चित्रांत रंग भरणारी मुलगी फलाट पाच. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या त्यांच्या बंगल्याच्या तळमजल्यावर एक लांबट हॉल होता. तिथे काका आम्हा फ्रीलान्स मंडळींना टेबलं भाड्याने देत, आणि प्रत्येक टेबलामागच्या भिंतीवर त्यांनी पिवळ्या पट्टीत काळा आकडा रंगवून घेतला होता. बसायच्या खुर्च्या बऱ्या होत्या, पण पाहुण्यांसाठी दाराशी जे बाकडं ठेवलं होतं ते थेट एसटी स्टँडवरचं वाटावं असं, पाठीत रुतणारं.

काकांची सगळी नोकरी स्टँडवर कंट्रोलर म्हणून झाली, तीही मुख्यतः चौकशीच्या खिडकीत. निवृत्त झाल्यावर घर शांत झालं आणि ती शांतता त्यांना सोसेना. "समोर माणसं खोळंबलेली नसली का मला जेवण जात नाय," असं ते स्वतःच सांगायचे. घरून काम करणाऱ्या लोकांना घरात काम करवत नाही हे त्यांना कुणाकडून तरी कळलं, आणि त्यांनी हॉलमधला सोफा विकून टाकला.

हॉलमधल्या कपाटावर एक जुना कर्णा होता आणि खाली टेबलावर माईक. स्टँडवरची जुनी यंत्रणा मोडीत निघाली तेव्हा त्यांनी तो हट्टाने घरी आणला होता. दिवसातून चार-दोनदा तरी तो कर्णा खरखरायचा. "लक्ष द्या. कुरिअरवाला फाटकाशी उभा आहे. पार्सल फलाट चारचं आहे." "लक्ष द्या. वीज गेलेली आहे." वीज गेल्याचं आम्हाला पंखा थांबताच कळलेलं असायचं, पण सांगितल्याशिवाय ती गेली असं ते धरत नसत. आम्ही कॉलवर असलो तरी त्यांना फरक पडायचा नाही. माझ्या एका क्लायंटने मला अगदी आदराने विचारलं होतं की तुम्ही रेल्वे स्टेशनवरून काम करता का.

आणि तो आवाज! खर्जातला, किंचित नाकातून येणारा, एकेक अक्षर सुटं करणारा. त्याचा त्यांना भयंकर गर्व होता. माईकवर ते पुस्तकासारखं शुद्ध बोलत, आणि बटण बंद केलं की क्षणात येवल्याकडच्या आपल्या गावात पोचत. गालात सदा ज्येष्ठमधाची काडी. थंड पाण्याला ते शिवत नसत आणि आइस्क्रीमला तर दुष्मन मानत. आता त्या आवाजातलं फारसं काही उरलेलं नाही. भेटायला गेलं की ते घशातून हवा सोडल्यासारखे बोलतात आणि आपल्याला पुढे वाकून ऐकावं लागतं. मला मात्र ते आठवतात ते कर्ण्यातूनच.

त्यांचा एक विक्षिप्तपणा असा होता की पहिल्या आठवड्यात माणूस वैतागून जागा सोडायचा, नाहीतर कायमचा तिथला व्हायचा. कोणतीही गोष्ट कधी होईल हे ते सांगत नसत. ती आत्ता कुठे आहे एवढंच सांगत. "काका, चहा कधी मिळेल?" "दूध गॅसवर आहे." "काका, नेट कधी येणार?" "माणूस खांबावर चढला आहे." थोड्या वेळाने स्वतःहून पुढची बातमी द्यायचे, "खांबावरून उतरला आहे. काही न करता उतरला आहे." एकदा काकूंचे भाऊ मुंबईहून येणार होते. काकूंनी आतून विचारलं, जेवायला धरू का त्यांना? हे हॉलमधून ओरडले, "घोटीला हाय! तू ठरव!" काकूंनी कुकर आपटल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

ही सवय चौकशीच्या खिडकीतली होती. बाकीचे कंट्रोलर म्हणे खिडकीशी आलेल्याला "येईल दहा मिनिटांत" म्हणून वाटेला लावायचे. हे फोन उचलायचे. येवल्याला विचारायचे, सुटली का? सुटली म्हणाले की विंचूरला, विंचूरनंतर निफाडला. मग माईकवर सांगायचे, "येवल्याहून येणारी गाडी विंचूरला उभी आहे. चाक पंक्चर आहे. पुढचं कळलेलं नाही." लोकांना याचा राग यायचा. एका वऱ्हाडाची गोष्ट ते रंगवून सांगत. निफाडच्या अलीकडे गाडी बंद पडली आहे असं यांनी जाहीर केलं, वऱ्हाडाने घाईने जीप केली, आणि जीप वळणाआड जाते न जाते तोच ती गाडी डुलत स्टँडात शिरली. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचा मामा खिडकीत हात घालून यांची कॉलर धरायला आला होता. "मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. "म्हणालो, गाडी कुठं हाय ते मी सांगितलं. जीप करा असं मी सांगितलं का?" मामाचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही.

या नियमामागे काहीतरी मोठी हकिगत असणार असं आम्हा सगळ्यांना वाटे. फलाट एकचं म्हणणं, यांनी कधीतरी "येईल" म्हटलं असणार आणि कुणाचंतरी नुकसान झालं असणार. पाच नंबरच्या मुलीने तर त्यात एक प्रेमकथाही घातली होती. शेवटी मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "हकिगत कसली? माईक लय खराब होता. लांबण लावली का लोकांना काय कळायचं नाय. मग कळलं तेवढं बोलायचो." आम्ही फार निराश झालो.

मी तिथे गेले ती पर्मनंट नोकरी सोडून. नाशकातल्याच एका कंपनीत बरीच वर्षं होते, तिथे कंटाळले, आणि पहिलं फ्रीलान्स कॉन्ट्रॅक्ट मिळताच राजीनामा दिला. काम परदेशातल्या एका कंपनीचं होतं. त्यांचं जुनं बिलांचं सॉफ्टवेअर नव्या जागी हलवायचं. मध्ये पुण्यातली एक एजन्सी. पहिला महिना चाचणीचा, त्यात काम दिसलं तर पुढे चालू, नाहीतर नमस्कार. घरात मुलांच्या क्लासचा आणि टीव्हीचा गोंधळ, म्हणून मी फलाट तीन घेतला. सोमवारी टेबल पुसलं, पाण्याची बाटली ठेवली, नवी वही ठेवली, आणि कामाला बसले. काम करायला त्यांच्या यंत्रणेत शिरावं लागतं, शिरायला लॉगिन लागतं, आणि लॉगिन आलेलंच नव्हतं.

ते मंगळवारीही आलं नाही. मग आठवडा गेला. एजन्सीचा समन्वयक फोनवर इतका गोड बोलायचा की भांडायला जागाच नसे. "आज-उद्यात होऊन जाईल मॅडम, मी मागे लागलोय." रोज दुपारी क्लायंटचा कॉल असे. त्यात सगळे आपण काय केलं ते सांगत. माझी पाळी आली की मी म्हणायचे, "लॉगिनची वाट बघते आहे, आज-उद्यात होईल असं कळलंय," आणि तिकडचा मॅनेजर "छान" म्हणून पुढच्या माणसाकडे वळायचा. माझं नाव तिथे कुणाला माहीत नव्हतं. मी 'नवीन रिसोर्स' होते. त्या दिवसांत मला फार अपमान वाटायचा, आणि अपमान केला कुणी म्हणावं तर कुणीच नाही. बंद स्क्रीनसमोर बसून मी उगाच काहीतरी टाइप करत राही, पाच नंबरच्या मुलीला मी रिकामी बसलेली दिसू नये म्हणून. कधी रडू यायचं. मग वाटायचं, रडायला निदान आधी दमायला तरी हवं.

त्यातच जुन्या साहेबांचा फोन आला. तुझी जागा अजून भरलेली नाही, म्हणाले. शुक्रवारपर्यंत सांग, मग मात्र दुसरं कुणी घेईन. नवऱ्याने स्पष्ट काही म्हटलं नाही, पण "साहेब भला माणूस आहे हं" हे त्याने जेवताना दोनदा म्हटलं. असंच चाललं तर महिना सरला असता आणि दाखवायला माझ्याकडे कोडची एक ओळ नसती. पहिल्याच फटक्यात परत जायचं, आणि सगळ्या ऑफिसने आपल्याकडे समजूतदारपणे बघायचं, ही कल्पनाच मला नको वाटायची.

काका सगळं ऐकत असत. भाडेकरूंचे फोन ऐकणं हा ते आपला हक्कच समजत. त्या दिवशी मी समन्वयकाचा फोन ठेवला तेव्हा ते चहाचा कप घेऊन मागेच उभे होते.

"काय विचारलं त्याला?"

"लॉगिन कधी मिळेल म्हणून."

"मग?"

"आज-उद्यात म्हणाला."

"म्हणणारच ना! कधी विचारलं का माणूस तोंडाला येईल ते सांगतो. त्याला काय लागतं? कुठं हाय ते विचार. कुठं हाय ते सांगायला त्याला उठून बघावं लागतं."

"काका, ही बस नाहीये हो."

"ठाऊक हाय मला. बसचा डायव्हर तरी दिसतो."

मी चिडले, पण दुसऱ्या दिवशी समन्वयकाला विचारलंच. काका शेजारी स्टूल टाकून बसले होते, जणू कंट्रोल रूममध्ये बदली ड्यूटीवर आलेत.

"माझी लॉगिनची विनंती आत्ता कुणाकडे आहे?"

"प्रोसेसमध्ये आहे मॅडम."

"प्रोसेसमध्ये कुणाकडे?"

"सिस्टिममध्ये दिसतेय."

काकांनी हाताने पुढे, पुढे अशी खूण केली. "सिस्टिममध्ये कुणाच्या नावावर दिसतेय?" मी विचारलं. पलीकडचा गोडवा ओसरला. तासाभरात त्याच्या वरिष्ठ बाईंचा फोन. मॅडम, तुमचा सूर जरा बरोबर नाही, क्लायंटला असे प्रश्न आवडत नाहीत, चाचणीचा महिना आहे हे लक्षात ठेवा.

मी काकांवर भडकले. सगळ्यांसमोर म्हणाले, तुमच्यामुळे माझं कॉन्ट्रॅक्ट जाणार आहे.

"जाणार का नाय ते मला ठाऊक नाय," ते शांतपणे म्हणाले. "आत्ता हाय." आणि स्टूल उचलून आत गेले. त्या दिवशी कर्णा एकदाही वाजला नाही. कुरिअरवाला येऊन बेल वाजवून परत गेला. संध्याकाळी फलाट एक मला हळूच म्हणाले, "त्यांना काहीतरी बोला हो, या शांततेत माझी बेरीज चुकायला लागलीय."

मी बोलले नाही, पण विचारणं सोडलंही नाही. राग आला की माझी चिकाटी वाढते, हा माझा जुना स्वभाव. एजन्सीला वगळून मी थेट क्लायंटच्या भारतातल्या मदत-कक्षाला फोन लावला. तिथल्या मुलीने पहिल्यांदा तेच सांगितलं, मंजुरीची वाट बघतोय. मी म्हटलं, ताई, कुणाच्या मंजुरीची, एवढं एक नाव फक्त वाचून दाखवा. तिने वाचलं. मी त्या गृहस्थांना मेल पाठवली आणि ती तिथल्या तिथे परत आली, असा पत्ताच नाही म्हणून. पुन्हा फोन लावल्यावर कळलं ते एवढंच, की हे गृहस्थ मी रुजू व्हायच्या आधीच कंपनी सोडून गेले होते. एजन्सी रोज 'मागे लागत' होती ती त्यांच्याच. सगळी स्मरणपत्रं कुणी न उघडणाऱ्या एका पेटीत पडत होती. माझी गाडी अशा स्टँडवर उभी होती जिथला कंट्रोलर खिडकी लावून घरी निघून गेला होता, आणि बाकी प्रत्येक जण मला येईल, येईल म्हणत होता.

तो शुक्रवार होता. दुपारच्या कॉलमध्ये माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझी विनंती ज्यांच्या मंजुरीसाठी थांबली आहे ते गृहस्थ आता कंपनीत नाहीत. ती पुढे कुणाकडे जायला हवी ते मला माहीत नाही." मॅनेजरने पुन्हा सांगायला लावलं. मग इतक्या दिवसांत कधीच न बोललेल्या एका बाईंचा आवाज आला. त्यांनी मला नाव विचारलं. म्हणाल्या, ते माझ्याकडे यायला हवं होतं, नाव बदलावं लागेल, दुसऱ्या टप्प्याची मंजुरीही पुन्हा घ्यावी लागेल. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर साहेबांचा फोन आला. माझ्या हातात तेव्हाही लॉगिन नव्हतं, दाखवायला एक ओळ नव्हती. पण गाडी कुठे अडली आहे ते आता मला कळलं होतं. मी म्हटलं, "साहेब, तुमचे उपकार आहेत. पण मी येत नाहीये. मी इथेच थांबते." मनापासून शुभेच्छा देऊन त्यांनी फोन ठेवला.

काका माईक पुसत होते. दोन दिवसांनी पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"लागली का गाडी?"

"नाही. एका बाईंच्या टेबलावर आहे. बाई जाग्यावर आहेत."

"मग ठीक हाय," म्हणाले, आणि दूध तापवायला गेले. चूक कुणाची, बरोबर कोण, हा विषय त्यांनी काढला नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मेल आली. मी खुर्ची ढकलून उठले. "काका, आलं!" त्यांनी तळहात दाखवून मला थांबवलं. मेल आली म्हणजे गाडी नुसती वळणावर दिसली, फलाटाला लागू दे, असा त्याचा अर्थ. मी पासवर्ड टाकला, तो बदलला, फोनवरचा आकडा टाकला. स्क्रीन उघडली. समोर त्यांचं ते जुनाट, कुरूप सॉफ्टवेअर दिसलं आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. काकांनी शर्टाची कॉलर नीट केली, ज्येष्ठमधाची काडी काढून ठेवली आणि बटण दाबलं.

"लक्ष द्या. फलाट तीनवर—"

आवाज चिरकला आणि थांबला. त्यांनी घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली. कर्ण्यातून नुसती हवा आली. पाच नंबरच्या मुलीने हेडफोन काढले. काकांनी माईक खाली ठेवला, घसा सुकलाय म्हणाले, आणि आत गेले.

आवाज दिवाळीपासून अधूनमधून बसत होता. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. काकू रोज म्हणायच्या, दाखवून येऊ या. आणि ते रोज काय म्हणायचे ते माझ्या तेव्हा एकदम ध्यानात आलं. "जाऊ की. पुढच्या आठवड्यात जाऊ." हा माणूस चहाचीही वेळ सांगत नसे!

मी उठून आत गेले. हॉल सोडून त्यांच्या स्वयंपाकघरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. काकू पोळ्या लाटत होत्या. काका पाण्याचा पेला हातात धरून बसले होते, पीत नव्हते.

"काका," मी म्हटलं, "दवाखान्याची गाडी कुठे आहे?"

काकूंचं लाटणं थांबलं. मला वाटलं, आता काका ओरडतील.

"हितंच हाय," ते कसंबसं म्हणाले. "सोडलीच नाय."

"कुणी अडवली?"

"मीच." पेला खाली ठेवला. "कंट्रोलरला भ्या वाटतंय."

मला त्यांची फार माया आली. मी म्हटलं, सकाळी मी गाडी घेऊन येते. दुसऱ्या दिवशी कॉलमध्ये सांगितलं की आज मी घरच्या माणसाबरोबर दवाखान्यात आहे, आणि मला नाव विचारणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, जरूर जा.

तपासण्या झाल्या, आणि मग ऑपरेशन. घशातली गाठ काढायची होती, स्वरयंत्राच्या अगदी लगत होती. मी आणि काकू बाहेर बाकड्यावर बसलो होतो. काकूंचा फोन सारखा वाजत होता. भाऊ, दीर, शेजारी, सगळे एकच म्हणत होते, काही काळजी करू नका, सगळं छान होईल, आवाज अगदी पहिल्यासारखा येईल. काकू हो हो म्हणत होत्या आणि प्रत्येक फोननंतर जरा जास्तच लहान होत होत्या. मांडीवर घरून आणलेला डबा होता. सकाळपासून त्यांनी तो उघडला नव्हता, पदराखाली नुसता धरून ठेवला होता.

मी आत जाऊन नर्सला विचारून आले.

"येईल ना गं आवाज?" काकूंनी माझा हात धरला. "तू तरी सांग."

माझ्याही तोंडाशी ते 'येईल' आलं होतं. एवढ्या म्हाताऱ्या बाईला ते म्हणायला काय जात होतं? पण मी त्यांच्यापुढे वाकले आणि म्हटलं, "काकू, ऑपरेशन झालंय. गाठ निघालीय. त्यांना शेजारच्या खोलीत आणलंय. डोळे उघडलेत, आणि नर्सकडे हाताने खूण करून पाणी मागितलं. आवाजाचं डॉक्टरांनाही अजून कळलेलं नाही."

काकूंनी फोन उलटा करून बाकड्यावर ठेवला. मग त्यांनी मोठा श्वास सोडला.

"पाणी मागितलं का?" त्या म्हणाल्या. "मग बस. हितं बस जराशी." आणि त्यांनी डबा उघडला, एक पोळी भाजी घालून गुंडाळून माझ्या हातात दिली, आणि दुसरी स्वतः खायला घेतली.